पावसातली रायफल आणि महागडी कल्हई

जिला गंज चढत नाही म्हणून मी जास्तीचे पैसे मोजले होते, त्या रायफलीवर शिकारीहून घरी आल्यावर चौथ्या दिवशी गंज होता. फार नव्हता. नळीच्या तोंडाशी, सायलेन्सर बसवायचे आटे आहेत तिथे, हळद सांडून पुसल्यावर राहतो तसा एक डाग आणि दस्त्याच्या आत, जिथे फडकं पोचत नाही तिथे, तिळाएवढे चार ठिपके. त्याच फेरीत, त्याच पावसात माझा शेजारी बरोबर होता. त्याची रायफल तीस वर्षं जुनी. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काळपट निळी नळी. तिच्यावर काहीही नव्हतं.

फरक पोलादात नव्हता. शेजाऱ्याने घरी पोचल्यावर आंघोळीच्या आधी रायफल खोलून पुसली. मी दमलो होतो. फोमचं अस्तर असलेल्या पेटीत रायफल होती तशी बंद केली, पेटीसकट तिजोरीत ठेवली, कुलूप घातलं आणि सोमवारी कामावर गेलो. ओला फोम, बंद पेटी, बंद तिजोरी. भिजलेले कपडे पिशवीत बांधून ठेवल्यावर काय होतं ते आपल्याला पहिल्या पावसापासून माहीत असतं. रायफलीच्या बाबतीत मात्र मी ते स्टेनलेस या एका शब्दापायी विसरलो.

मी राहतो न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चला. इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी एखाद्याला बंदुकीचा परवाना मिळाला की तो विचारतो, पहिली रायफल कोणती घेऊ? आणि पाठोपाठ, ती वरच्या किमतीची, खास मुलामा दिलेली घेतली तर पैसे वसूल होतात का? त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी पावसाचं बोलू. मी मूळचा सावंतवाडीकडचा. आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा पावसाचं मला काय सांगता, अशा तोऱ्यात मी इकडे आलो. इथल्या दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिलफर्ड साउंडला वर्षाला साधारण साडेसहा हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे आकड्यांत आंबोलीच जड. पण आंबोलीचा पाऊस दसऱ्यापर्यंत आपलं सामान आवरतो. इथला बाराही महिने येत-जात राहतो, आणि थंड असतो. आपल्याकडे भाद्रपदात एक कडक ऊन पडलं की वाळवण होतं. इथल्या दरीत आठ दिवस काहीही वाळत नाही. शिवाय किनारा जवळ असला की हवेत मीठ.

आता शिकारीचं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे, त्यात वाद नाही. इथली गोष्ट वेगळी. वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नाही. हरणं युरोपीय लोकांनी आणून सोडली. आपल्या हिमालयातलं थार हे रानबकरीसारखं जनावरसुद्धा १९०४ मध्ये माउंट कुकच्या परिसरात सोडलं गेलं. पुढच्याच वर्षी थिओडोर रूझवेल्ट यांनी भेट म्हणून पाठवलेली वापिटी हरणं फिओर्डलँडला उतरली. खाणारे वाढले, त्यांना खाणारं कोणी नव्हतं, आणि इथल्या जंगलाची वाताहत झाली. म्हणून सरकारने १९३० च्या दशकापासून पगारी शिकारी नेमले. बॅरी क्रम्प यांचं १९६० साली आलेलं ‘अ गुड कीन मॅन’ हे पुस्तक त्याच आयुष्यावर आहे. आजही संवर्धन खातं सरकारी जंगलात शिकारीचे परवाने देतं. (आणि हरणाचं मटण मालवणी वाटपात कसं लागतं, हा या लेखाचा विषय नाही, पण उत्तम लागतं.)

त्या पगारी शिकाऱ्यांच्या हाती असायच्या ली-एनफिल्ड .३०३ रायफली. युद्धातल्या, लांबलचक लाकडातलं निम्मं कापून हलक्या केलेल्या. ना स्टेनलेस, ना प्लॅस्टिक. याच पावसात त्यांनी महिनेच्या महिने काढले. तेव्हा दुकानदार जेव्हा म्हणतो, ‘या हवेत साधी रायफल टिकणारच नाही’, तेव्हा हसून पुढे सरकायला हरकत नाही. टिकते. प्रश्न एवढाच की तिच्यासाठी रोज संध्याकाळी तुम्ही किती वेळ द्यायला तयार आहात. न गंजणारी रायफल विकत घेणं म्हणजे खरं तर त्या वेळातली सवलत विकत घेणं. पूर्ण सुटका कुणी विकत नाही.

ही सवलत कितीची, हे समजून घ्यायला थोडं पोलादात शिरावं लागेल.

घरातला पोळ्यांचा डबा स्टेनलेसचा आणि रायफलीची नळीही स्टेनलेसची, म्हणून दोन्ही सारखी असं आपण धरून चालतो. एक लोहचुंबक घ्या. चांगल्या डब्याला तो चिकटत नाही, नळीला घट्ट चिकटतो. डब्याच्या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते गंजाला छान तोंड देतं, पण तापवून-विझवून त्याला पाणी देता येत नाही, म्हणजे नळीला लागतो तसा कणखरपणा त्यात आणता येत नाही. नळ्यांसाठी बहुतेक करून ४१६ नावाच्या जातीचं स्टेनलेस वापरतात. त्यात क्रोमियम १२ ते १४ टक्के, निकेल जवळपास नाही, आणि आत खाचा पाडताना हत्यार सुरळीत चालावं म्हणून मुद्दाम थोडं गंधक घातलेलं असतं. ते गंधक कामगाराच्या सोयीचं, गंजाच्याही सोयीचं. त्यामुळे नळीचं स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा कितीतरी सोशीक असलं, तरी डब्याइतकं नसतं. आणि मीठ मात्र दोघांचंही वैरी. आजीकडे मिठाची बरणी चिनी मातीची असायची, तिच्यावर स्टीलचं झाकण ठेवलं की आई ओरडायची; त्या झाकणाला आतून पडायचे तसेच बारीक खड्डे समुद्राच्या हवेत नळीला पडतात.

दुसरं असं की ‘स्टेनलेस रायफल’ अख्खी स्टेनलेस नसते. नळी आणि तिच्यामागचा मुख्य सांगाडा स्टेनलेसचा. पण चापाच्या आतल्या स्प्रिंगा, मॅगझिनची कळ, पट्टा अडकवायच्या कड्या, दुर्बिणीच्या बैठकीचे स्क्रू हे पुष्कळदा साध्या पोलादाचे, वर काळा रंग दिलेले. माझे चार ठिपके दस्त्याच्या आतल्या अशाच एका स्क्रूच्या भोवती होते. दुकानात विचारा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) कशाचा आहे, स्क्रू कशाचे आहेत. विक्रेत्याला माहीत नसेल तर नीट बघणारे आपले डोळे. चुंबकाने जात कळणार नाही, पण रंग कुठे खरवडलाय ते बघताना कळेल.

उलट, जुन्या पद्धतीची निळी नळी. हा निळा-काळा रंग म्हणजे एक प्रकारचा आवरलेला गंजच असतो. पोलादावर रसायनांच्या उकळत्या द्रावणात लोहाच्या ऑक्साइडचा एक पातळ, काळा थर चढवतात. तांबूस गंज पापुद्रे सोडतो, हा काळा थर पोलादाला धरून राहतो. पण तो अतिशय पातळ आणि सच्छिद्र. त्याचं खरं काम तेल धरून ठेवण्याचं. तेल संपलं की तो नुसता रंग. आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला कल्हई असते, ती उडाली की आमटी कळकते, म्हणून कल्हईवाल्याची वाट बघायची. निळ्या नळीचा कल्हईवाला म्हणजे आपणच, आणि त्याला दर संध्याकाळी यावं लागतं. माझा शेजारी येतो. त्याच्याकडे जुन्या बनियनचा तेलाने काळा पडलेला एक तुकडा आहे, तो कधीच धुतला जात नाही.

आता महागडी कल्हई. यातला सगळ्यात बोलबाला सेराकोट या अमेरिकी मुलाम्याचा. सिरॅमिक आणि पॉलिमर यांचं मिश्रण रंगासारखं फवारतात आणि भट्टीत भाजतात. जाडी साधारण २५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कमी. चांगल्या कारागिराने, पृष्ठभाग नीट खरवडून मग फवारला तर तो पाणी-मीठ यांना खरोखर अडवतो. साध्या पोलादाच्या रायफलीवर मी त्याला पूर्ण मार्क देईन. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो फक्त बाहेरून असतो. नळीच्या आत, जिथून गोळी जाते तिथे, आणि काडतूस बसतं त्या खोबणीत तो नसतो, असूही शकत नाही. म्हणजे साध्या पोलादाच्या नळीवर बाहेरून सेराकोट असेल तर ती आतून साधीच नळी. आणि दुसरं, स्टेनलेसवर सेराकोट हे बऱ्याच वेळा नुसतं रंगकाम. चकाकी जाते, हातात धरायला बरं वाटतं, फोटोत छान दिसतं. गंजापुरता विचार केला तर मूळ स्टेनलेसने जे काम केलं असतं त्यात थोडीशी भर. त्या थोड्याशा भरीसाठी काही शे डॉलर द्यायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी देणार नाही.

सेराकोटइतका गाजावाजा नसलेला पण माझ्या मते जास्त प्रामाणिक प्रकार म्हणजे नायट्रायडिंग. हा मुलामाच नव्हे. पाचशे अंशांच्या वर तापलेल्या क्षारांच्या कढईत नळी बुडवतात आणि नत्र पोलादाच्या अंगात मुरतं. वरून थर चढत नाही, म्हणून सोलून निघत नाही, आणि नळीच्या आतूनही होतं. साध्या पोलादाला हे वरदान आहे: कठीणपणाही येतो, गंजही लांब राहतो. गंमत अशी की स्टेनलेसवर हेच केलं तर गंजाशी लढायची ताकद कमी होऊ शकते, कारण जे क्रोमियम पहारा देत होतं तेच नत्राशी बांधलं जातं. त्यामुळे ‘स्टेनलेस, वर नायट्राइड’ अशी दुहेरी जाहिरात दिसली तर दुहेरी फायदा समजू नका.

हिऱ्यासारख्या कार्बनचा थर, ज्याला डीएलसी म्हणतात, तो बोल्टवर शोभतो. जेमतेम काही मायक्रॉनचा, पण अतिशय कठीण आणि गुळगुळीत. बोल्ट तेलाशिवायही सरकतो. थारच्या मागे बर्फात जाणाऱ्याला याची किंमत कळते, कारण तिथे तेल घट्ट होऊन बोल्ट अडतो. जंगलात, पावसात हिंडणाऱ्याला नाही कळणार. आणि झाडपाल्याची चित्रं छापलेल्या दस्त्याबद्दल एवढंच की ती पाण्यावर तरंगणारी फिल्म चिकटवलेली असते. रंग आहे तो.

दस्त्याचा प्रश्न मात्र मुलाम्याहून मोठा, आणि नवे शिकारी त्याकडे बघतच नाहीत. लाकूड पाणी पितं. सागवानी दरवाजा श्रावणात चौकटीत अडकतो आणि दिवाळीत सुटतो, तसा अक्रोडाचा दस्ता चार दिवसांच्या पावसात फुगतो आणि नळीला खालून टेकतो. नळी एकदा एका बाजूने दाबली गेली की गोळी दुसरीकडे जाते. घरी कागदावर एका रुपयाएवढ्या जागेत तीन बार मारणारा माणूस जंगलात हरीण चुकतो आणि दुर्बिणीला शिव्या देतो. याची तपासणी सोपी आहे. नळी आणि दस्ता यांच्या फटीत एक नोट सरकवून बघा. इथली पाच डॉलरची नोट प्लॅस्टिकची, तिच्यावर एडमंड हिलरी आहेत. हिलरीसाहेब नळीच्या टोकापासून मागच्या सांगाड्यापर्यंत विनासायास चढून गेले पाहिजेत. मध्ये कुठे अडले तर तिथे लाकूड टेकतंय. ही तपासणी कोरड्या दिवशी दुकानात एकदा आणि भिजल्यावर घरी एकदा करा.

प्लॅस्टिकच्या दस्त्याला ही कटकट नाही. साचातून काढलेला स्वस्त दस्ता थोडा लवचिक असतो. पुढून जोर देऊन दाबला तर तोही नळीला टेकू शकतो, पण पावसाने नाही टेकत. हाताने थर देऊन घडवलेले फायबरग्लास किंवा कार्बनचे दस्ते ताठ आणि हलके, आणि त्यांची किंमत कधी कधी अख्ख्या रायफलीच्या घरात. डोंगर चढणाऱ्याला अर्धा किलो वाचला तर त्याचं मोल आहे, पण ते मोल वजनाचं, पावसाचं नव्हे. लाकूड आवडत असेल तर पातळ फळ्या चिकटवून केलेला लॅमिनेट दस्ता घ्या. जड असतो, पण फुगत नाही. रूगरच्या पावसाळी रायफलींचा एक दस्ता वल्ह्यासारखा दिसतो म्हणून लोक त्याला बोट पॅडलच म्हणतात. दिसायला ओबडधोबड, पण त्याच्या रूपाने कुणाचा नेम चुकलेला नाही.

प्लॅस्टिकच्या दस्त्याचा एक दोष कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. तो आतून पोकळ असतो आणि त्यात पाणी शिरतं. कडीच्या भोकातून, मागच्या रबराच्या फटीतून. एका रात्री रानातल्या झोपडीत माझ्या रायफलीखाली ओल दिसली. छप्पर गळतंय म्हणून मी टॉर्च वर मारला. दस्ता हलवला तर आत नारळातल्यासारखं पाणी वाजलं. मागचे दोन स्क्रू काढले, वाटीभर पाणी निघालं. तेव्हापासून फेरीहून आल्यावर मी दस्ता कानाशी धरून हलवतो. बाजारात नारळ निवडतात तसा.

न्यूझीलंडमध्ये सायलेन्सर कायदेशीर आहे आणि बहुतेक जण लावतात. कानाला आणि शेजारपाजाऱ्यांना बरं. पण पावसाळी रायफलीच्या गंजाचं मूळ शोधत गेलात तर निम्म्या वेळा इथेच पोचाल. बार उडाला की आत गरम वायू, जळालेल्या दारूची काजळी आणि वाफ कोंडते. रायफल थंड झाली की त्याचं पाणी होतं आणि ते उतरतं ते सरळ नळीच्या तोंडाच्या आट्यांवर. गोळी नळी सोडते ती याच कडेवरून, म्हणजे नेमाच्या दृष्टीने नळीतली सगळ्यात नाजूक जागा हीच. दिवसाची शिकार संपली की सायलेन्सर काढून वेगळा ठेवा, तोंड खाली करून. आट्यांवर तेलाचा हात फिरवा. याला पैसे लागत नाहीत. हजार डॉलरचा मुलामा हे काम करत नाही.

आता काही कामांची रीत. जंगलात असताना नळीच्या तोंडावर साधी वायरमनची टेप लावा. पाऊस आत जात नाही, आणि गोळीच्या पुढची हवा टेपला आधीच उडवते, त्यामुळे नेमात फरक पडत नाही. पण चिखल किंवा बर्फ आत गेल्याची नुसती शंका आली तरी बार मारू नका. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, मागून नळीतून उजेड बघा. कोंदलेली नळी फुटते.

झोपडीत आल्यावर चूल पेटते आणि बाहेरून आणलेल्या थंड रायफलीला घाम फुटतो, फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला फुटतो तसा. आतून-बाहेरून. म्हणून ती चुलीजवळ वाळवायला ठेवू नका, लांबच्या भिंतीशी ठेवा आणि अर्ध्या तासाने पुसा. अर्थात बोल्ट काढून, काडतुसं वेगळी ठेवून. झोपडीत अनोळखी माणसं आणि पोरंही असतात.

समुद्रकाठी फिरला असाल, विशेषतः होडीतून, तर घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवा. हे ऐकून लोक दचकतात. गंजू नये म्हणून पाणी? पण मीठ तेलाने निघत नाही, तेलाखाली बसून राहतं आणि काम चालू ठेवतं. बोल्ट काढा, दस्ता वेगळा करा, दुर्बीण असू द्या, गोड्या पाण्याने खारटपणा काढा, टिपा, मग डब्ल्यूडी-४० मारा. त्या नावातले डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. पाणी हटवणं एवढंच त्याचं काम. ते पुसून वर बंदुकीचं खरं तेल लावायचं. दस्त्याचे स्क्रू परत आवळताना पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळा, आणि पुढच्या फेरीआधी कागदावर तीन बार मारून नेम तपासा. नळीत आतून लावलेलं तेल शिकारीला निघण्यापूर्वी कोरड्या कापडाने काढा. तेलकट नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते.

आणि खोबरेल नको. हे मी आजोबांचा अवमान करून सांगतोय. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, तेव्हा ती बाहेर निघायची. एरवी चुलीवरच्या माळ्यावर, धुरात, खोबरेल चोपडून. चांगली राहायची. खराब झाली ती एकदाच: निवडणुकीपायी बंदुका जमा करायला सांगितल्या, ती दोन-तीन महिने कुठल्याशा ओल्या खोलीत इतर पन्नास बंदुकांबरोबर उभी राहिली, आणि परत आली ती अंगावर तांबूस लव घेऊन. वर्षानुवर्षं पावसात शेताच्या बांधावर बसलेली बंदूक पावसाने गेली नाही, कोपऱ्यात उभी राहून गेली. असो. खोबरेल तिकडच्या उन्हाळी हवेत पातळ असतं, २४ अंशांखाली ते थिजतं. इथे जुलैत बोल्टवर लावलंत तर मेणबत्ती होईल.

तर पैसे कुठे घालायचे? माझा हिशेब असा. साध्या निळ्या आणि स्टेनलेस रायफलीच्या किमतीत एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये काही शे डॉलरचा फरक असतो. तो द्या. फिनलंडमधल्या टिकाची टी३एक्स इथल्या जंगलांत पुष्कळांच्या खांद्यावर दिसते, ती मुख्यतः याच रूपात: स्टेनलेस नळी, काळा प्लॅस्टिकचा दस्ता. त्या फरकात नळीचं आतलं अंग येतं, आटे येतात, दस्त्याखालची न दिसणारी बाजू येते, म्हणजे जिथे तुमचं फडकं रोज पोचत नाही त्या सगळ्या जागा. ही रक्कम वसूल होते. जुनी विकायला काढली तरी स्टेनलेसला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

त्याच्या पुढची पायरी, म्हणजे स्टेनलेसवर खास मुलामा, कार्बन दस्ता, पन्हाळी कोरलेली नळी, ही वर्षाला पाच-सहा दिवस रानात जाणाऱ्या माणसाला पावसाच्या नावाखाली विकली जाते. ते पैसे दुर्बिणीत घाला. पावसात रायफलीआधी आंधळी होते ती दुर्बीण. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून बंद केलेली असेल तर आतून धुकं धरत नाही. स्वस्तातली दुर्बीण सील सुटल्यावर एका थंड सकाळी दूध ओतल्यासारखी पांढरी होते आणि शंभर मीटरवर उभं असलेलं हरीण तुम्ही केवळ आवाजाने ओळखता. (आवाजाने ओळखून बार मारत नाहीत. लक्ष्य काय आहे याची पूर्ण खात्री हा इथल्या सुरक्षेच्या नियमांतला एक नियम आहे आणि तो मोडल्यामुळे माणसं गेली आहेत.) दुर्बिणीच्या बैठका आणि त्यांचे स्क्रूही स्टेनलेसचे मागा. काही डॉलरांची गोष्ट, पण गंजून जाम झालेला स्क्रू काढायला कारागीर त्याहून जास्त घेतो.

वरची पायरी कुणाला परवडते, म्हणजे खऱ्या अर्थाने परवडते? फिओर्डलँडमध्ये होडीवर राहून आठवडा-आठवडा शिकार करणाऱ्यांना. स्टुअर्ट बेटावर पांढऱ्या शेपटीच्या हरणांमागे किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्यांना. ज्यांचा धंदाच हा आहे त्यांना. त्यांची रायफल रोज खारी होते आणि रोज रात्री गोडं पाणी मिळेलच असं नसतं. त्यांनी जरूर मुलामा द्यावा, पण साध्या पोलादावर नायट्रायडिंग किंवा स्टेनलेसवर सेराकोट, यातलं एक. दोन्ही नाही.

तिजोरीचंही थोडं. चामड्याच्या म्यानात किंवा मेंढीच्या कातड्याचं अस्तर असलेल्या पिशवीत रायफल कायमची ठेवू नका. चामड्यातले क्षार आणि ओल दोन्ही पोलादाला लागतात. पेटी प्रवासापुरती. घरी रायफल उघडीच, पेटीबाहेर, तिजोरीत उभी. मिठात तांदळाचे दाणे टाकतो तशा तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि रंग बदलला की वाळवून परत ठेवा. तीन महिन्यांनी नव्हे, रंग बदलला की. विजेची छोटी ऊब देणारी दांडी मिळते, तीही चांगली.

जुनी रायफल घेणार असाल तर एक शेवटची गोष्ट. विकणाऱ्याला सांगा, दस्ता उतरवून दाखवा. बाहेरून आरशासारखी रायफल आतून काय आहे ते तिथेच कळतं. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्राउनिंग कंपनीच्या रायफलींसाठी अक्रोडाचं लाकूड लवकर सुकावं म्हणून ते मिठात मुरवलं गेलं होतं. पुढे त्या लाकडाने आतून पोलाद खाल्लं, आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ता नव्हता. आजही त्या काळातली ब्राउनिंग घेणारा जाणकार आधी दस्त्याच्या मागच्या रबराचा स्क्रू काढून बघतो. त्या एका स्क्रूवर गंज असेल तर बाकीचं बघायची गरज पडत नाही. मीही गेल्या वर्षी एक लाकडी दस्त्याची रायफल बघायला गेलो होतो, सुंदर होती. दस्ता उतरवा म्हटल्यावर मालक म्हणाला, ‘तीस वर्षांत कधी उतरवला नाही, नेम बिघडेल.’ मी चहा घेतला आणि निघालो.